एका पदाच्या अटी

स्टीलच्या पेल्याच्या आत, तळापासून साधारण दोन बोटांवर, एक पांढरट कडं होतं. आधी वाटलं दुधाचं असेल. मग त्याखाली दुसरं, जरा फिकट कडं दिसलं आणि त्याखाली तिसरं. पेला नीट घासलेला होता, राखेचे बारीक ओरखडे त्यावर दिसत होते. कडी तेवढी गेली नव्हती. पाणी जिथे जिथे थांबलं होतं तिथे तिथे क्षार धरले होते.

खंडारेभाऊंनी तो पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला.

"तुमच्या मॅडम आमचं पाणी मोजून नेतात," सरूबाई म्हणाल्या, "पेत मात्र नाईत."

मी ओशाळून हसले. अकोल्याहून भरून आणलेली माझी बाटली पिशवीतून डोकावत होती. भाऊंनी माझी बाजू घेतली. मॅडमना सवय नाही, आणि सरूबाई तरी कुठे रोज हे पितात, लेक माहेरी आली की टँकरचं पाणी वेगळं काढून ठेवतातच की, असं ते म्हणाले. सरूबाईंनी तोंडाला पदर लावला. लेकीचा विषय निघाल्यावर त्या सैल झाल्या. भाऊंनी मग लेकीच्या गावची विचारपूस केली, विहिरीला यंदा किती पाणी आहे ते विचारलं आणि सरूबाईंच्या नवऱ्याची, पुंडलिकरावांची, आठवण काढली. पुंडलिकराव दोन वर्षांपूर्वी मूत्रपिंडं निकामी होऊन गेले होते. त्यानंतरच्या फेरीत सरूबाईंनी आम्हाला दारातूनच परत पाठवलं होतं. सुईचं नावही भाऊंनी काढलं नाही. चाळीस मिनिटांनी सरूबाईंनीच हात पुढे केला.

"घ्या बापा, तुमचं काय ते रगत."

भाऊंनी रक्त काढलं. मी नळीवर क्रमांकाची चिठ्ठी चिकटवली आणि नळी पोलिओच्या लशीच्या निळ्या डब्यात, बर्फाच्या पिशव्यांमध्ये उभी केली. आम्ही निघताना सरूबाईंनी विचारलं, "पुढच्या बारीले कोण येईन?"

"मॅडम येतील," भाऊ म्हणाले.

"त्या एकल्या आल्या तं मी देणार नाई," सरूबाई म्हणाल्या. त्या हसत होत्या, पण ते त्यांनी गमतीत म्हटलं नव्हतं. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी डब्याचं झाकण पुन्हा एकदा दाबून पाहिलं.

ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, मार्चमधली. निंभोरी हे आमच्या यादीतलं बारावं आणि शेवटचं गाव. खारपाणपट्ट्यातल्या या गावांमध्ये मूत्रपिंडाचा आजार किती जणांना आहे, आणि कोणतं पाणी पिणाऱ्या घरांत किती आहे, हे आम्ही तीन वर्षं मोजत होतो. आम्ही म्हणजे दोघंच. आमच्या ऑफिसाचं नाव लांबलचक होतं, विभागीय आरोग्य धोरण अभ्यास कक्ष. जागा मात्र एका जुन्या इमारतीतल्या दोन खोल्या आणि गॅलरी एवढीच. मी संख्याशास्त्रात एमएस्सी केलं होतं आणि मग मुंबईला सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी घेतली होती. तुळशीराम खंडारे माझ्याहून अठरा वर्षांनी मोठे. हिवतापाच्या हंगामी फवारणीपासून त्यांनी सुरुवात केली. मुक्त विद्यापीठातून बीए झाले, प्रयोगशाळा तंत्रज्ञाचा कोर्स केला, आणि त्यानंतर या पट्ट्यात झालेल्या प्रत्येक आरोग्य पाहणीत कोणी ना कोणी त्यांना बोलावून घेतलं. दोघांच्याही ऑर्डरवर 'सल्लागार' असं लिहिलेलं असे, आणि दोघांच्याही ऑर्डरी अकरा महिन्यांच्या. अकरा महिने झाले की दोन दिवसांचा खंड, मग नवी ऑर्डर. खंडाच्या दोन दिवसांत ऑफिसात यायची परवानगी नव्हती, म्हणून ते दोन दिवस आम्ही भाऊंच्या घरी बसून तेच काम करत असू.

माझ्यासारख्यांना काम कुठे मिळतं, याचा मी एक तक्ता ठेवला होता. आरोग्य धोरणाचे संशोधक आणि सल्लागार यांच्यासाठी निघालेली प्रत्येक जाहिरात मी त्यात नोंदवत असे. दोन वर्षांत दोनशे चौदा झाल्या होत्या. त्यातल्या एकशे सत्तावीस एकट्या दिल्लीच्या. उरलेल्या बहुतेक हैदराबाद, बंगळूर, मुंबई आणि पुण्याच्या. आमच्या पाच जिल्ह्यांच्या रकान्यात दोनचा आकडा होता, आणि ती दोन पदं म्हणजे भाऊ आणि मी. दिल्लीची नोकरी मी स्वतःच सोडून आले होते. बाबांना पक्षाघात झाला होता, उजवी बाजू गेली होती. त्यांना पलंगावरून खुर्चीत बसवायला दोन माणसं लागत, आणि घरात आई आणि मी अशा दोघीच होतो. आई मधूनमधून म्हणायची, तू जा, माझं मी बघेन. म्हणताना ती माझ्याकडे बघत नसे.

जानेवारीत डॉ. नेरकरांनी मला एकटीला बोलावलं. ते उपसंचालक, आमचा कक्ष त्यांच्या हाताखाली. बाहेरच्या ज्या संस्थेच्या मदतीवर कक्ष चालत होता, ती मदत मार्चअखेर बंद होणार होती. राज्याने एक पद आपल्याकडे घ्यायचं कबूल केलं होतं. एकच. ते पाचही जिल्ह्यांसाठी असणार होतं आणि त्याची जाहिरात नव्याने द्यावी लागणार होती. पदाच्या अटींचा मसुदा मी करावा असं त्यांनी सांगितलं. आमच्याकडे हे असंच चालतं. काम काय असतं हे त्या खुर्चीतल्या माणसालाच ठाऊक असतं, म्हणून अटी बहुतेक वेळा तोच लिहितो. अर्ज गाळायला सोपं जाईल असं लिहा, ते म्हणाले. मागच्या एका पदाला तीनशे अर्ज आले होते. आणि मंजुरी येईपर्यंत एका पदाचं कोणाला बोलू नका.

मी बोलले नाही.

मसुदा दोन दिवसांत झाला. कक्षातून बाहेर जाणारा प्रत्येक कागद दुसऱ्याने वाचायचा, शंका असेल तिथे पेन्सिलीने खूण करायची आणि उजव्या कोपऱ्यात आद्याक्षरं टाकायची, अशी आमची पद्धत होती. ती मीच आणली होती. मसुद्याच्या डोक्यावर 'नमुना अटी' असं लिहिलेलं होतं. भाऊंनी तो वाचला, खुणा केल्या, कोपऱ्यात 'तु. खं.' लिहिलं आणि परत देताना विचारलं, कोणत्या जिल्ह्यासाठी आहे. मी म्हटलं, सगळ्यांसाठी. ते खोटं नव्हतं.

जाहिरात मार्चच्या पहिल्या आठवड्यात संकेतस्थळावर आली. भाऊंनी ती छापून घेतली, चष्मा लावला आणि नेहमीच्या सवयीने आधी तारखा तपासल्या. अर्जाची शेवटची तारीख अठरा, शुक्रवार, सायंकाळी पाच. मग ते अटींकडे वळले. पहिलीच अट: सार्वजनिक आरोग्य किंवा समकक्ष विषयातली पदव्युत्तर पदवी, आवश्यक. बराच वेळ ते त्याच ओळीवर होते. मी समोर बसून एका जुन्या तक्त्याची बेरीज पुन्हा करत होते.

"हे तं मी वाचलं होतं," शेवटी ते म्हणाले. मग कागदाची घडी घालून खिशात ठेवत म्हणाले, "म्हणजे एकच पद हाये. अन् मी बसत नाई त्यात."

ते रागावले असते तर मला काहीतरी बोलता आलं असतं. ते उठले आणि दुसऱ्या दिवशीच्या नळ्या मोजायला लागले.

त्याच दिवशी दुपारी मी नेरकरांकडे गेले. पहिल्या अटीत अनुभवाचा पर्याय घालायचा राहून गेला आहे, शुद्धिपत्रक काढता येईल का, असं विचारलं. त्यांनी फाइल मागवली, माझ्यासमोर उघडली आणि माझ्याच अक्षरातली टिपणी माझ्याकडे फिरवली.

"तुम्हीच लिहिलंय ना हे?"

"हो सर."

"मग आता अडलं कुठे? आता बदल म्हणजे पुन्हा मुंबईला जाणार. तिकडून परत यायला मे उजाडेल. एकतीस मार्चला पद भरलेलं दिसलं नाही, तर पदच जाईल. मग तुम्हीही नाही आणि खंडारेही नाहीत." फाइल बंद करताना त्यांचा आवाज जरा खाली आला. ते म्हणाले, खंडाऱ्यांबद्दल मलाही वाईट वाटतं, पण त्यांचं आता काही होणं नाही. तुम्ही मात्र अर्ज भरा. नाहीतर पुण्याचा कोणी येईल, तीन महिने राहील आणि दिल्लीचं बोलावणं आलं की जाईल.

विचार करून सांगते, मी म्हटलं.

भाऊंना दुसरं काही मिळतं का, हेही मी पाहिलं. ओळखीच्या चार संस्थांना फोन केले. दोघांनी वय विचारलं, एकाने पदवी. चौथ्या ठिकाणी माझ्याच वर्गातली मैत्रीण होती. खंडाऱ्यांसारख्या माणसांवरच आमच्या सगळ्या पाहण्या उभ्या असतात, असं ती मनापासून म्हणाली. क्षेत्रकामाला रोजावर लागले तर सांगते, असंही म्हणाली. ते रोजावर काम करत होते तेव्हा मी शाळेत होते.

पुढचे दहा दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत लांब दिवस असतील. मी अर्ज भरणार की नाही, हे भाऊंनी थेट विचारलं नाही. ते मी भरणारच असं धरून चालले होते. माझ्या प्रमाणपत्रांच्या प्रती साक्षांकित करून आणल्या त्यांनीच. जुन्या ऑर्डरी तारखेप्रमाणे लावल्या, दोन दिवसांचे खंड कुठे कुठे पडले ते लाल शाईने दाखवलं. आणि रोज थोडं थोडं, बाराही गावांचं त्यांच्या डोक्यात असलेलं सगळं ते मला सांगत राहिले. कोणत्या घरात सासूला आधी विचारायचं, कोणत्या आळीत शनिवारी जायचं नाही, कोणत्या बोअरच्या पाण्याबद्दल लोक खोटं सांगतात आणि का. मी वहीत उतरवून घेत होते. उतरवून घेतलं तरी ते माझं होणार नाही, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. एकदा मी म्हटलं, भाऊ, हे राहू द्या. तर ते म्हणाले, मॅडम, उद्या कोणी बी आलं तरी वही तं लागंलच.

माझा ऑनलाइन अर्ज अर्धा भरून पडलेला होता. रोज संध्याकाळी ऑफिसातून निघण्याआधी मी तो उघडत असे. न भरणं हेच मला सरळ वाटत होतं. भाऊ जाणार आणि मी राहणार, हे मला सहन होणार नाही, असं मी आईला सांगूनही टाकलं. आई बाबांच्या पाठीला तेल लावत होती. तिने एवढंच विचारलं, तू नाही भरलास तर त्यांना मिळेल का? मी नाही म्हटलं. तिने पुन्हा काही विचारलं नाही. मला मात्र कोणीतरी खूप काही विचारावं असं वाटत होतं.

सरूबाईंकडून आम्ही निघालो तो सतरा मार्चचा, गुरुवारचा दिवस. दुसऱ्या दिवशी पाचला मुदत संपणार होती. निंभोरी फाट्यावर पावणेतीनची गाडी यायची होती. नमुने पाच वाजेपर्यंत प्रयोगशाळेत पोचायला हवे होते. फाट्यावर पत्र्याची शेड होती, पण तिचा पत्रा कोणीतरी नेला होता. आम्ही तिच्या एका खांबाच्या सावलीत डबा ठेवला आणि स्वतः उन्हात उभे राहिलो. समोर कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या उभ्या होत्या, आणि शेतातल्या भेगांच्या कडांवर पांढरी भुकटी आली होती.

गाडी आली नाही. तीन वाजून गेले.

"तुमचा फॉर्म अजून अर्धाच हाये," भाऊ म्हणाले. "काल मी पाह्यलं. तुमचा संगणक सुरूच होता."

मी गाडीच्या वाटेकडे पाहिलं.

"माह्यासाठी थांबून रायल्या असान तं थांबू नका. मी घरी बी सांगून टाकलं. बायको लय बोलली तुम्हाले. मी म्हटलं, मॅडमले काऊन बोलते, चूक माही हाये." ते हसले. "मीच गोल केला होता ना."

कोणता गोल हे मला विचारावं लागलं नाही.

पहिल्या मसुद्यात ती ओळ वेगळी होती. 'पदव्युत्तर पदवी, किंवा समकक्ष क्षेत्रीय अनुभव' असं मी लिहिलं होतं. ती लिहिताना भाऊच माझ्या डोळ्यांसमोर होते. तो कागद त्यांच्या टेबलावरून परत आला तेव्हा 'समकक्ष क्षेत्रीय अनुभव' या शब्दांभोवती पेन्सिलीचा एक नीट गोल होता, आणि समासात त्यांच्या वळणदार अक्षरांत लिहिलेलं होतं, 'कसं मोजणार?'

"तुम्हीच शिकवलं आम्हाले," भाऊ सांगत होते. "दोन माणसांनी एकाच प्रश्नाची दोन उत्तरं दिली तं प्रश्नच चुकला. समकक्ष म्हणजे किती, कोण ठरवणार? मी आपला प्रश्नावली तपासतो तसा तपासत गेलो. कोणाची जागा हाये, काही पाह्यलं नाई. म्हणून तुम्ही ते काढलं. बरोबरच हाये तुमचं. मीच पायावर धोंडा पाडून घेतला."

ते हे माझ्यासाठी बोलत होते. दहा दिवस त्यांनी त्याचा विचार केला असणार, आणि मला सोपं जावं म्हणून ते त्यांनी या रूपात आणून ठेवलं होतं. मी मान हलवली असती तरी पुरलं असतं. ते वाक्य आमच्या दोघांत कायमचं तसंच राहिलं असतं.

"तुम्ही कसं मोजणार असं विचारलं होतं," मी म्हटलं. "काढा असं लिहिलं नव्हतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मोजता आलं असतं, भाऊ. किमान दहा वर्षं, असं लिहिता आलं असतं. मी ते टाइप केलं होतं. बराच वेळ स्क्रीनवर होतं. मग मी ती पूर्ण ओळच काढली."

"काऊन?"

"पद एकच आहे हे मला तेव्हा माहीत होतं. नेरकर सरांनी जानेवारीतच सांगितलं होतं. आणि तो कागद तुम्ही दुसऱ्याच कुठल्या जागेचा म्हणून वाचलात, हेही 'कोणत्या जिल्ह्यासाठी' या तुमच्या प्रश्नावरून मला कळलं होतं."

ट्रकमागून ट्रक गेले. खांबाची सावली सरकली होती आणि डब्याची एक बाजू उन्हात आली होती. भाऊ वाकले, डबा सावलीत ओढला, झाकणावर हात ठेवून आतला बर्फ अजून आहे का याचा अंदाज घेतला. ते तसेच उकिडवे बसून राहिले. मला फक्त त्यांची टोपी दिसत होती.

"दहा कशाले," ते म्हणाले. "चौदा झाले मले. या पट्ट्यातच चौदा."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. एखाद्या नोंदीतला आकडा दुरुस्त करावा तसे ते बोलले होते. मला माफी मागायची होती. ती मागितली असती तर त्यांनी लगेच, तिथल्या तिथे, दिली असती. म्हणून मी मागितली नाही. दूर वळणावर गाडी दिसली. भाऊ गुडघ्यावर हात टेकून उठले. त्यांनी डब्याचा पट्टा खांद्यावर घेतला, मी तो घ्यायला हात पुढे केला तर त्यांनी दिला नाही. गाडीला हात दाखवून ते माझ्याकडे वळले.

"मॅडम, आता तरी सांगा. भरता का नाई?"

वहीतली बारा गावं, आईचा प्रश्न, सरूबाईंचं बोलणं, यांतलं काहीही कारण म्हणून सांगता आलं असतं. ते सगळं खरंही होतं.

"हो," मी म्हटलं. "भरणार आहे. मला ती नोकरी हवी आहे, भाऊ."